आखडलेल्या हातासाठी बोटॉक्स: इंजेक्शनआधी काय विचारायचं, नंतर घरी काय करायचं

अर्धांगवायूनंतर मूठ एकदा घट्ट वळली की घरच्यांपुढे पहिला प्रश्न येतो तो नखांचा. बोटं उघडत नाहीत, नखं कापता येत नाहीत, ती तळहातात रुततात. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या बंद मुठीत घाम साचतो, कातडी पांढरी पडते, वास येतो. माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्या कितीतरी घरांची व्यथा इथूनच सुरू होते. पूर्व भागात यंत्रमागावर आयुष्य काढलेले काका असोत, नाहीतर विड्या वळून संसार केलेल्या मावशी, डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘बोटॉक्स’ लिहिलं की घरात दोनच गोष्टी बोलल्या जातात. ‘हे तर सुरकुत्या घालवायला घेतात ना?’ आणि ‘विष असतं म्हणे ते.’

विष आहे, हे खरं. औषधाचं नाव बोट्युलिनम टॉक्सिन. बोटॉक्स हा त्याचा एक ब्रँड, डिस्पोर्ट हा दुसरा. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचे जिवाणू ते तयार करतात. खराब झालेल्या डबाबंद अन्नातून ते पोटात गेलं तर श्वास बंद पडू शकतो, इतकं ते जहाल. मात्र बोटॉक्सच्या १०० युनिटच्या बाटलीत मूळ विष भरतं एका नॅनोग्रॅमच्या आसपास, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. मज्जातंतू स्नायूला ‘आवळ’ असा निरोप अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनातून देतो. हे औषध त्या स्नायूत टोचलं की तो निरोप सुटतच नाही आणि स्नायू सैल पडतो. तीनेक महिन्यांत मज्जातंतूचं टोक पुन्हा कामाला लागतं, स्नायू पुन्हा आवळायला लागतो.

आणि सुरकुत्यांचं म्हणाल, तर तो वापर नंतरचा. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी १९७० च्या दशकात हे औषध तिरळेपणासाठी वापरून पाहिलं. अमेरिकेत १९८९ साली पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांची आकडी, म्हणजे डोळे आपोआप घट्ट मिटणं, यांसाठी. सुरकुत्यांसाठीची मान्यता आली २००२ मध्ये.

मला इथे एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. हे इंजेक्शन हात बरा करत नाही, ते बारा आठवड्यांची सवड देतं. ती सवड कशी वापरायची हे कुणी सांगितलंच नाही, म्हणून महागडं इंजेक्शन वाया गेलेली घरं मी पाहिली आहेत. मूठ सैल झाली म्हणून घरचे खूश होते, हात तसाच मांडीवर पडून राहिला, चौथ्या महिन्यात मूठ पुन्हा वळली. पैसे गेले त्याहून वाईट म्हणजे ‘बोटॉक्सचा काही उपयोग होत नाही’ अशी त्या घराची खात्री झाली.

आधी बघा, कडकपणा कुठला आहे

आखडलेल्या सांध्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे मेंदूचा ताबा सुटल्यामुळे स्नायू सतत आवळलेला राहणं. दुसरी म्हणजे महिनोन्‌महिने न हलवल्यामुळे स्नायू, कंडरा आणि सांधा कायमचे आखूड होणं. बोट्युलिनम फक्त पहिल्यावर चालतं. दुसऱ्यासाठी ताण देणं, प्लास्टर, कधी शस्त्रक्रिया असे मार्ग आहेत.

घरी अंदाज घेता येतो. गाढ झोपेत हात हळूच उघडून पाहा. झोपेत सैल पडत असेल तर आशा मोठी. जागेपणी कोपर एकदम झटक्यात सरळ करायला गेलं तर अडतो, पण अगदी सावकाश, दहा-पंधरा सेकंद घेत सरळ केला तर उघडतो, हेही चांगलं लक्षण. झोपेतही आणि सावकाशही तो एका ठिकाणी लाकडासारखा थांबत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. म्हणूनच वर्ष-दोन वर्षं वाट पाहू नये. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर पहिल्या काही महिन्यांतच कडकपणा वाढताना दिसला, की तेव्हाच विचारावं.

हेही लक्षात ठेवा की कडकपणा कमी होणं म्हणजे ताकद येणं नव्हे. बोटांत मुळात हालचालच उरली नसेल तर इंजेक्शननंतर ते काका पेला उचलू लागतील असं नाही. पण तळहात धुता येईल, नखं कापता येतील, सदऱ्याची बाही चढवताना कळ येणार नाही. हे कमी वाटतं का? रोज त्या हाताला अंघोळ घालणाऱ्या सुनेला विचारा.

पायाच्या बाबतीत तर फार जपून. काही रुग्ण कडक झालेल्या गुडघ्याच्या आधारावरच उभे असतात. त्यांच्या मांडीचा पुढचा स्नायू सैल केला की गुडघा वाकतो आणि माणूस पडतो. असं एकदा माझ्या डोळ्यांसमोर झालं. मी त्या रुग्णाला रोज चालताना पाहत होते. तो कडकपणा त्याचा आधार आहे हे मी आधी बोलायला हवं होतं, नाही बोलले. तेव्हापासून पायाच्या इंजेक्शनचा विषय निघाला की मी रुग्णाला उभं करून, चालवून, वळवून पाहते आणि मग डॉक्टरांना लेखी कळवते. तुमच्या फिजिओथेरपिस्टकडून अशी चिठ्ठी हक्कानं मागून घ्या.

डॉक्टरांकडे जाण्याआधी

हे इंजेक्शन हातापायांखेरीज इतर आजारांतही देतात, त्यांचं पुढे येईलच. कुणाकडे जायचं ते आजारावर ठरतं: अर्धांगवायू, मान वाकडी होणं, डोकेदुखी यांसाठी मेंदूविकारतज्ज्ञ, पापण्यांसाठी नेत्रतज्ज्ञही, लघवीसाठी मूत्रविकारतज्ज्ञ, मुलांसाठी बालमेंदूविकारतज्ज्ञ किंवा मुलांचे अस्थिरोगतज्ज्ञ. कुठे जायचं कळत नसेल तर सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवून पुढची दिशा विचारा. कुणाला पुण्याचे डॉक्टर सुचवले जातात. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन रात्री परत येता येतं, पण पुढची फिजिओथेरपी सोलापुरातच होणार आहे, हे तिथल्या डॉक्टरांना सांगा आणि कुठल्या स्नायूत किती युनिट दिले याचा कागद मागून आणा. अक्कलकोट, मंगळवेढा, इंडी भागातून येणाऱ्यांनी तर तो कागद जपूनच ठेवावा, कारण व्यायाम गावातच होणार असतात.

सोबत न्यायच्या गोष्टी: मोबाइलवर काढलेला व्हिडिओ, चालू औषधांच्या सगळ्या पाकिटांची पिशवी आणि एका वाक्यात लिहिलेलं उद्दिष्ट.

व्हिडिओ यासाठी की डॉक्टरांच्या खोलीत हात वेगळाच वागतो. घाबरल्यावर कडकपणा वाढतो. पापण्यांची आकडी नेमकी तिथेच थांबते. घरी चालताना, कपडे घालताना, जेवताना दोन-दोन मिनिटं टिपून ठेवा.

औषधांत तीन गोष्टी विशेष सांगायच्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. अलीकडे जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखं अँटिबायोटिक इंजेक्शन झालं का, कारण त्यानं बोट्युलिनमचा परिणाम वाढू शकतो. आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायू दुबळे करणारा आजार आहे का. तो असेल तर हे इंजेक्शन सहसा टाळतात. गरोदरपण, अंगावर पाजणं, टोचायच्या जागी फोड किंवा जंतुसंसर्ग हेही आधीच बोलावं. डिस्पोर्ट देणार असतील तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी सांगायला हवी. कडकपणा कमी करणारी बॅक्लोफेनची गोळी चालू असेल तर ‘आता इंजेक्शन घेतोच आहोत’ म्हणून स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. त्यानं फिट येऊ शकते.

उद्दिष्ट मोजता येईल असं लिहा. ‘हात बरा व्हावा’ असं लिहिलं तर बारा आठवड्यांनी काय साधलं ते कुणालाच ठरवता येत नाही. ‘रोज तळहात साबणानं धुता यावा’, ‘पायात चप्पल राहावी’, ‘ब्लाउज घालायला एका माणसाची मदत पुरावी’ असं लिहा. हे वाक्य डॉक्टरांच्या कागदावर उतरलं की कुठला स्नायू निवडायचा ते आपोआप स्पष्ट होतं.

बाटली, युनिट आणि ऊन

खर्च ठरतो तो युनिटवर. मोठ्या माणसाच्या कोपर-मनगट-बोटांसाठी बोटॉक्सचे काहीशे युनिट लागू शकतात. तीन महिन्यांत एकूण ४०० युनिटच्या पुढे जात नाहीत. पापण्यांना मात्र एकेका जागी एक-दोन युनिट पुरतात. एका ब्रँडचं युनिट दुसऱ्या ब्रँडच्या बरोबरीचं नसतं. शेजारच्यांना डिस्पोर्टचे ५०० दिले आणि आपल्याला बोटॉक्सचे २००, म्हणून आपल्याला कमी दिलं असा हिशेब लावू नका. ब्रँड, युनिट, किती बाटल्या, टोचण्याची फी आणि सोनोग्राफीचा खर्च हे सगळं आधी लिहून मागा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपल्या आजाराचं काही बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला इंजेक्शनच्या आधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

बाटली औषधाच्या दुकानातून आपणच आणायची असेल तर हा परिच्छेद नीट वाचा. बोटॉक्सची न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे. मे महिन्यात पारा ४३-४४ वर असताना स्कूटरच्या डिकीतून सात रस्ता चौकापर्यंत नेलेली बाटली भरवशाची राहत नाही. थंड पेटी आणि बर्फाच्या पिशव्या घेऊन जा, दुकानातल्या फ्रीजमधून थेट पेटीत ठेवा, इंजेक्शनच्या दिवशीच घ्या. पक्कं बिल, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहा, डब्याचा फोटो काढा. बाटलीत सलाइन मिसळल्यावर ते २४ तासांत वापरावं लागतं; उरलेलं औषध पुढच्या वेळेसाठी घरच्या फ्रीजमध्ये ठेवता येत नाही.

इंजेक्शनचा दिवस

उपाशी राहायची गरज सहसा नसते. लहान मुलाला गुंगी देणार असतील तर मात्र डॉक्टर सांगतील तसं. सैल बाह्यांचे कपडे घाला. खोलवरच्या स्नायूत, विशेषतः कोपर ते मनगट या भागात, सुई नेमकी कुठे गेली हे सोनोग्राफी किंवा ईएमजीनं (स्नायूतले विजेचे संकेत टिपणारं यंत्र) पाहून टोचलेलं चांगलं. ‘कसं पाहून टोचणार?’ हा प्रश्न विचारायला संकोच नको. अर्ध्या-पाऊण तासात काम होतं, थोडा वेळ थांबवून घरी सोडतात. परतताना टोचलेली जागा चोळू नका, तेल-मालिश तर नकोच.

त्याच रात्री मूठ उघडेल अशी वाट पाहू नका. दोन-तीन दिवसांनी सैलपणा जाणवायला लागतो, दोन आठवड्यांत चांगला दिसतो, चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास सगळ्यात जास्त असतो.

ते बारा आठवडे

पहिल्या आठवड्यात दिनक्रम बसवून घ्या. दिवसातून तीन वेळा सावकाश ताण. खांदा, मग कोपर, मग मनगट, शेवटी बोटं, या क्रमानं. मनगट खाली झुकवलं की बोटं सोपी उघडतात. ती उघडल्यावर मनगट हळूहळू वर आणायचं. शेवटच्या टोकाला किमान ३० सेकंद धरायचं, पाच वेळा. अंगठा नेहमी बुडाशी धरून बाहेर काढा, टोकाला धरून ओढू नका. कोमट पाण्यात हात बुडवून मग केलं तर सोपं जातं, पण त्या हाताला चटका कळत नसेल तर पाणी आधी आपल्या हातानं तपासा. खांदा मात्र ओढू नका. अर्धांगवायूचा खांदा सांध्यातून निसटलेला असू शकतो.

दुसऱ्या आठवड्यापासून, स्नायू सैल झाला की, पट्टी. मूठ उघडी ठेवणारी प्लास्टिकची पट्टी मापानं बनवून घेतात. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग वाढवत रात्रभर. काढल्यावर लाल डाग २० मिनिटांत गेला नाही तर पट्टी चुकीच्या जागी दाबते आहे, तशीच घालत राहू नका. उन्हाळ्यात आतून सुती कापड लावा आणि ते रोज बदला.

तिसऱ्या आठवड्यापासून नवव्यापर्यंतचा काळ सोन्यासारखा. हातात थोडी जरी हालचाल शिल्लक असेल तर ती आता बाहेर काढायची. व्यायामाच्या रबरी चेंडूपेक्षा घरातली कामं मला जास्त उपयोगी वाटतात. सोलापुरी टॉवेलची घडी दोन्ही हातांनी घालणं. शेंगदाणे एका ताटलीतून दुसरीत टाकणं. भाकरीचा तुकडा धरून सोडणं. सोडणं महत्त्वाचं, धरणं नाही. अर्धांगवायूचा हात धरतो, सोडत नाही. चेंडू दाबायला देणारी घरं मूठ अजून घट्ट करतात, तेव्हा तो चेंडू नातवाला देऊन टाका.

वहीत रोज एक ओळ लिहा: किती वेळा ताण, पट्टी किती तास, उद्दिष्टातलं काम जमलं का. मावशींना लिहिता येत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करा.

मुलांच्या बाबतीत

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवरचा ताबा बिघडणं, असलेलं मूल चवड्यांवर चालत असेल तर पोटरीत इंजेक्शन देतात. अमेरिकेत २ वर्षांपुढच्या मुलांच्या आखडलेल्या हातापायांसाठी ते मान्य आहे. डोस वजनाप्रमाणे ठरतो, म्हणून त्याच आठवड्यात वजन करून न्या. त्यानंतर काही आठवडे प्लास्टर आणि मग घोट्याची पट्टी घालण्याचा सल्ला मिळाला तर ती शिक्षा समजू नका, इंजेक्शनचं अर्धं फळ त्यात आहे. एक धोका पालकांना कुणी सांगत नाही: या मुलांचा खुबा हळूहळू सांध्यातून सरकू शकतो, आणि बोट्युलिनमनं ते थांबत नाही. खुब्याचा एक्स-रे ठरावीक काळानं काढत राहायचाच.

मदतीसाठी दोन दारं ठोठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढे पाठवण्याची सोय आहे. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचाही समावेश आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर ते आधी काढा.

आणखी कुठे कुठे

डोळे आपोआप घट्ट मिटतात, उन्हात गाडी चालवताना रस्ताच दिसेनासा होतो, ही पापण्यांची आकडी. अशी माणसं चष्म्याचा नंबर बदलत वर्षं घालवतात. एकाच बाजूचा चेहरा फडफडत असेल तर तो वेगळा आजार, त्यात आधी एमआरआय करून घेतात. दोन्हींत बोट्युलिनमचा गुण चांगला येतो; काही दिवस पापणी खाली येणं किंवा डोळा कोरडा पडणं हे संभाव्य त्रास. दृष्ट काढण्यात आणि ‘वारं गेलं’ म्हणण्यात वेळ घालवू नका.

मान एका बाजूला ओढली जात असेल आणि हनुवटीला बोट लावल्यावर ती थोडी सरळ होत असेल, तर ही खूण डॉक्टरांना नक्की सांगा. निदानाला मदत होते. मानेच्या इंजेक्शननंतर एक-दोन आठवडे गिळायला जड जाऊ शकतं. त्या दिवसांत कडक भाकरी आणि शेंगाचटणी बाजूला ठेवा, मऊ वरण-भात किंवा दुधात कुस्करलेली भाकरी द्या, बसवून भरवा.

अर्धशिशीसाठी हे इंजेक्शन प्रत्येकाला नाही. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतं, त्यातले किमान ८ दिवस अर्धशिशीचे, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तरच. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे मिळून ३१ जागी १५५ युनिट, दर १२ आठवड्यांनी. एका फेरीवर निकाल लावू नका, दोन-तीन फेऱ्या पाहाव्यात. आधी डोकेदुखीची महिनाभराची नोंद करा आणि वेदनाशामक गोळ्या किती खाल्ल्या तेही लिहा; त्या गोळ्यांच्या अतिरेकानंच डोकं दुखत असतं असंही पुष्कळदा निघतं.

मूत्राशय आवरत नसेल आणि गोळ्यांनी भागत नसेल तर दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत टोचतात, साधारण १०० युनिट. मणक्याच्या इजेत २००. काहींची लघवी तुंबू शकते, तेव्हा स्वतः नळी घालायला शिकण्याची तयारी आधीच हवी.

तळहात आणि काखेतल्या अति घामासाठीही ते देतात. आपल्याकडे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत पांढऱ्या कापडावर डाग पडतो म्हणून बोलणी खाणाऱ्या मुली आहेत. त्यांना हा आजार आहे आणि त्याला उपचार आहे, हे निदान ठाऊक असावं. तळहातात टोचणं बरंच दुखतं, आणि काही आठवडे पकड कमी होऊ शकते. शिलाईच्या हंगामात घेऊ नये.

लगेच धावायची लक्षणं

टोचल्यानंतर काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत कधीही गिळता येईना, आवाज बसला किंवा घोगरा-अनुनासिक झाला, एकाची दोन दिसू लागली, सगळं अंग गळालं, श्वास घ्यायला त्रास झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि बोट्युलिनमचं इंजेक्शन झालंय हे पहिल्या वाक्यात सांगा. हे क्वचित होतं, पण औषध टोचलेल्या जागेपलीकडे पसरलं तर होतं. अंगभर पित्त उठलं, तोंड सुजलं तरी तसंच. टोचलेल्या जागी थोडं दुखणं, निळा डाग, दोन दिवस कणकण यांना घाबरायचं कारण नाही. टोचलेल्या हाताची उरलीसुरली पकडही काही आठवडे ढिली वाटू शकते. ती औषधाच्या कामाचाच भाग आहे.

पुन्हा घ्यायचं की नाही

दोन इंजेक्शनांत किमान १२ आठवड्यांचं अंतर ठेवतात. लवकर आणि पुन्हापुन्हा घेतलं तर शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन पुढे औषध लागूच पडेनासं होण्याचा धोका असतो. ‘थोडं कमी पडलं, पुढच्या महिन्यात अजून द्या’ असा आग्रह म्हणूनच धरू नये. कमी कुठल्या स्नायूत पडलं ते वहीत लिहून ठेवा.

अकराव्या आठवड्यात पहिल्या दिवसासारखाच व्हिडिओ काढा: तोच सदरा, तीच खुर्ची, तेच काम. दोन्ही व्हिडिओ, वही आणि युनिटचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. उद्दिष्टातलं वाक्य साधलं आणि कडकपणा अजून परतला नसेल तर पुढचं इंजेक्शन लांबवता येतं, कधी लागतही नाही. साधलं नसेल आणि व्यायाम मात्र रोज झाला असेल, तर स्नायू किंवा डोस बदलायचा. व्यायामच झाला नसेल तर तेही खरं सांगा; मग पुढच्या बाटलीचे पैसे भरण्याआधी पट्टी कोण बांधणार आणि दुपारचा ताण कोण देणार, हे घरात बसून ठरवून घ्या.